मुंबईचं बोलावणं

चित्रकलेतलं ओ की ठो कळत नसताना मुंबईतल्या यच्चयावत चित्रप्रदर्शनांच्या उद्घाटनाला हजेरी लावणारा माणूस अख्ख्या भारतात एकच झाला, आणि तो माझा साडू होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. उद्घाटन करणारे पाहुणे एखादे वेळी चुकतील, ज्याने चित्रं काढली तो ऐन दिवशी तापाने फणफणून घरी राहील, पण आमचे साडूभाऊ टेरिकॉटचा सफारी घालून, हातात कापडी पिशवी घेऊन, माकुणसारहून निघून वेळेआधी तिथे पोचलेले असायचेच. मुंबईच्या चित्रकारांत म्हणे अशी एक समजूत होती, की सफारीवाले आले नाहीत तोवर प्रदर्शन सुरू झालं असं धरायचं नाही. ही समजूत मला खुद्द साडूभाऊंनीच सांगितली होती, हे खरं. पण ती खोटी असेल असं मला कधी वाटलं नाही.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माकुणसारला त्यांची वाडवडिलांपासूनची वाडी. केळी, पानवेली, नारळ, मोगऱ्याचे वाफे. नोकरी बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची. दिवसभर नटबोल्ट द्यायचे आणि घरी आलं की केळीला पाणी सोडायचं. चित्र नावाच्या वस्तूशी त्यांचा आयुष्यात आलेला संबंध म्हणजे सफाळ्याच्या किराणावाल्याकडून दिवाळीला मिळणारं कॅलेंडर, आणि त्यातही त्यांचं सगळं लक्ष चित्राखालच्या संकष्ट्यांकडे. उलट मी पालघरच्या शाळेतला मास्तर, रविवारच्या पुरवणीतलं कलासमीक्षण दोनदा वाचणारा आणि दोन्ही वेळा न समजणारा. म्हणजे गॅलरीत जायचा खरा अधिकार घरात कोणाला असेल तर तो मला होता. पण कार्डं यायची साडूभाऊंना.

त्याचं झालं असं, की कारखान्याच्या शेठना चित्रं विकत घ्यायची भारी हौस. एकदा एक मोठं चित्र खोक्यात बांधून मुंबईला फोर्टातल्या गॅलरीत परत पोचवायचं होतं. सुखरूप नेईल असा माणूस म्हणून शेठनी स्टोअरकीपरलाच पिटाळलं. खोकं उतरवल्यावर तिथल्या बाईंनी दारातल्या टेबलावरची वही पुढे सरकवली आणि नाव-पत्ता लिहा म्हणाल्या. साडूभाऊंना वाटलं मालाची पोच. त्यांनी ठसठशीत अक्षरांत नाव, खाली मुक्काम पोस्ट माकुणसार, व्हाया सफाळे, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, असं सगळं यथासांग लिहिलं आणि निघून आले. पंधरवड्याने पोस्टमन एक कार्ड घेऊन वाडीत हजर. जाड पांढराशुभ्र कागद, त्यावर इंग्रजीत कोणाचं तरी नाव, तारीख, वेळ, आणि ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ अशा अर्थाचं काहीतरी. गणपती नाही, शुभचिन्ह नाही, कोपऱ्याला कुंकू नाही. ‘कोनाचं लगीन हाय?’ पोस्टमनने विचारलं. ‘लगीन नसंल. पण कार्य हाय,’ साडूभाऊ म्हणाले, ‘बोलावणं हाय ना, मग जायाला पायजे.’ ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंनी, त्या कोऱ्या कार्डाला आधी कुंकवाचं बोट लावलं आणि मगच ते घरात घेतलं.

आता तुम्हांआम्हांला असं कार्ड आलं असतं तर आपण काय केलं असतं? त्याच्या मागे वाण्याचं सामान लिहिलं असतं. पण आमच्या या किनारपट्टीच्या गावांत बोलावण्याचा कायदा कडक. बारसं असो, मुंज असो, नव्या विहिरीची पूजा असो, बोलावणं आलं की घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. त्यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. नवरामुलगा दिसायला बरा नाही म्हणून कोणी लग्न चुकवत नाही. आज तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर उद्या ते तुमच्याकडे येणार, आणि एखादा चुकलाच तर त्याची चर्चा नातवंडांपर्यंत पुरते. मी साडूभाऊंना पहिल्याच वेळी समजावलं होतं, ‘अहो भाऊ, अशी कार्डं ते लोक गठ्ठ्याने पाठवतात. त्यांना काही आपण यायला नको असतं.’ साडूभाऊंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ‘मास्तर, आपण यायला नको असतं, तर ते पोस्टाचा खर्च कशाला करतात?’ याचं उत्तर रविवारच्या पुरवणीतही कधी छापून आलं नाही.

तर ते गेले. आणि एकदा गेल्यावर तिथल्या प्रत्येक वहीत त्यांनी तोच पत्ता त्याच ठसठशीत अक्षरांत लिहिला, त्यामुळे एका गॅलरीचं दुसरीला, दुसरीचं तिसरीला असं करत सगळ्या मुंबईची कार्डं माकुणसारच्या वाडीत यायला लागली. मी कधीमधी सोबतीला जायचो. आपण त्यांना चित्रं समजावून सांगू अशी माझी कल्पना. ती पहिल्या फेरीतच बारगळली, कारण साडूभाऊ चित्रांकडे बघायचेच नाहीत. म्हणजे अगदीच नाही असं नाही. लग्नघरात ओळीने बसलेल्या म्हाताऱ्या नातलगांना जसं आपण मान लववून पुढे सरकतो, तसे ते प्रत्येक चित्रासमोर क्षणभर थांबायचे, मान लववायचे आणि पुढच्याकडे जायचे. कोणी एकही राहून गेलं नाही ना, याची मात्र खात्री करून घ्यायचे. एकदा खांबाआड एक छोटं चित्र राहिलं, तर परतताना विरारहून पुढची शटल गाडी सुटल्यावर त्यांना ते आठवलं आणि सफाळ्यापर्यंत जिवाला लागलं.

रिकाम्या हाताने मात्र कधी जायचे नाहीत. पिशवीत घरच्या बागेतली वेलची केळी, केळीच्या पानात गुंडाळलेली विड्याची पानं आणि दिवस असतील तर मोगऱ्याची पुडी. हे सगळं ते गॅलरीच्या बाईंच्या हातात ठेवायचे. या बाई म्हणजे त्या पहिल्या, फोर्टातल्या गॅलरीच्याच. आखूड केस, हातमागाची साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि बोलणं निम्मं इंग्रजी. पहिल्या खेपेला केळी कुठे ठेवावीत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती हॉलच्या मधोमध असलेल्या एका पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवली. आता वाचकांना वाटेल, की मुंबईच्या शहाण्या लोकांनी ती केळीच कलाकृती समजून त्यांच्याभोवती गर्दी केली. छे! तसलं काही झालं नाही. लोकांनी ती खाल्ली. सालंसुद्धा नीट एका कोपऱ्यात रचली. साडूभाऊ म्हणाले, ‘भुकेलेली होती बघा माणसं. इथे जेवणाची सोय बरी नाय.’

जेवणाखाण्याच्या बाबतीत त्यांचं मत मुळातच वाईट होतं. वेफर, काजू आणि काडीला टोचलेले चीजचे तुकडे हा तिथला शिरस्ता. चीजची काडी हातात धरून ते माझ्या कानात म्हणाले, ‘जेवायच्या आधीच दात कोरायला देतात हो ही माणसं.’ जिथे चहा मिळाला नाही ते कार्य त्यांच्या लेखी निम्मंच झालं. माकुणसारला परतल्यावर ताई विचारायच्या, ‘कसं झालं?’ आणि साडूभाऊ ओटीवर बसून सांगायचे, ‘खर्च चांगला केलाय. दिवे झकास. चौकटी सागवानी. चहा नाय.’ झालं समीक्षण! एवढ्या नेमक्या शब्दांत आमच्या पुरवणीवाल्यांना जन्मात लिहिता आलं नसतं.

त्यांचं खरं लक्ष असायचं ते ज्याचं कार्य आहे त्या माणसावर. गर्दीतून वाट काढत ते चित्रकाराला बरोबर हुडकून काढायचे, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि शुद्ध भाषेत, म्हणजे त्यांना शुद्ध वाटणाऱ्या भाषेत विचारायचे, ‘काय, सगळं नीट पार पडलं ना? तयारी कधीपासून चालली होती? घरची मंडळी दिसत नाहीत?’ चित्रकार बिचारा अवकाश, आकार, पोत असल्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून आलेला. त्याला आईची तब्येत विचारणारा माणूस त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच भेटायचा. एका दाढीवाल्याने त्यांना फार गंभीरपणे सांगितलं, की माझी ही सगळी चित्रं अभावाविषयी आहेत, शून्याविषयी आहेत. साडूभाऊंनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, ‘शुभकार्यात असं बोलू नये. होईल सगळं नीट.’ तो दाढीवाला नंतर बराच वेळ खिडकीपाशी जाऊन उभा होता.

आणि तो मिठाचा प्रसंग तर मी डोळ्यांनी पाहिला. त्या वर्षी चित्रं-बित्रं न लावता स्वतःच काहीतरी करून दाखवायची टूम निघाली होती. हॉलमध्ये मिठाचा ढीग आणि त्यावर पांढरं धोतर नेसून, मान खाली घालून, एक तरुण गप्प बसलेला. भोवती लोक हाताची घडी घालून उभे. हे काय आहे ते मला सांगता येईना म्हणून मी नुसतीच विद्वानासारखी हनुवटी खाजवत होतो. तेवढ्यात साडूभाऊंनी दाराशी चपला काढल्या, सावकाश चालत गेले आणि त्या तरुणाच्या शेजारी, मिठावरच, मांडी घालून मान खाली घालून बसले. मी घामाघूम. त्यांना खुणा करतोय तर ते डोळे वर करायला तयार नाहीत. बऱ्याच वेळाने त्या तरुणाचे ओठ हलले आणि साडूभाऊंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याला दिली. बाहेर आल्यावर मी कडाडलो, ‘भाऊ, हे काय केलंत?’ तर म्हणाले, ‘अहो, एवढं पांढरं नेसून पोर एकटा बसलाय, कोण गेलं काय माहीत! आणि सगळी नुसती उबी. कोणी तरी जवळ बसायला नको?’

हे सगळं असं वर्षानुवर्षं चाललेलं. आता बोलावण्याच्या कायद्याची दुसरी बाजू. आपण एवढे जातो तर आपणही त्यांना बोलावलं पाहिजे. म्हणून वाडीतल्या सत्यनारायणाला, धाकट्या भावाच्या घराच्या वास्तूला, प्रत्येक कार्याला मुंबईच्या समस्त गॅलऱ्यांना आणि ओळखीच्या चित्रकारांना पोस्टकार्डं जायची. कोणी येत नसे. साडूभाऊ मनाला लावून घेत नसत. ‘लांब पडतं त्यांना,’ म्हणायचे, ‘आणि सत्यनारायण काय, दर वर्षी असतो. मोठ्या कार्याला येतील.’ गावात मात्र थट्टा चालायची. त्यांच्या शेजारच्या वाडीत एक तात्या होते, तोंडाने तिखट म्हातारा. साडूभाऊ सफारी घालून निघाले रे निघाले की कुंपणापलीकडून हाक यायची, ‘काय रे, तुजे मुंबयचे पावणे आमी कवा बगणार? आमी मेल्यावर?’ साडूभाऊ हसून म्हणायचे, ‘वंदूच्या लग्नात बगा, तात्या. पुढच्या रांगेत बसवीन.’ असं दर वेळी म्हणून म्हणून ते सगळ्या गावाला पाठ झालं होतं.

आणि वंदूचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलं. मुलगा उमरोळीचा, घरचं चांगलं. साडूभाऊंनी पत्रिका छापल्या त्या बघण्यासारख्या. गुलाबी मखमली कागद, सोनेरी गणपती, दोन बाजूंना दोन पोपट, मध्ये कलश, आणि खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ असं चुलतभावंडांच्या नावाने. मुंबईच्या पत्रिका काही त्यांनी पोस्टात टाकल्या नाहीत. घरचं मोठं कार्य, समक्षच बोलवायला पाहिजे. हळदकुंकवाची पुडी आणि अक्षता घेऊन ते गॅलऱ्यागॅलऱ्यांत फिरले. फोर्टातल्या बाईंनी पत्रिका दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली, ‘हाउ ब्युटिफुल!’ म्हणाल्या आणि पुढे म्हणाल्या, ‘नक्की हं, नक्की!’ साडूभाऊ घरी येऊन सगळ्यांना सांगत होते, ‘नक्की म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.’ ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमी तरी सांगा यांना. कोणी आलं नाय तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाय. आणि गावाचं जाऊ द्या, यांचंच मन मोडंल.’ मी सांगून पाहिलं. ऐकतात कसले!

मे महिना, वाडीतच मांडव. पुढच्या खुर्च्यांच्या रांगा मुंबईच्या मंडळींसाठी राखून ठेवलेल्या. त्यांच्यासाठी पंगत वेगळी, आमटी कमी तिखट, आणि आचाऱ्याला बजावून ठेवलेलं की चहा कितीही लागू दे. सफाळे स्टेशनवर बोईसरच्या कारखान्यातला टेम्पो गाद्या अंथरून उभा केलेला. टेम्पोवाला उत्तरेकडचा. त्याला पाहुणे ओळखायची खूण सांगितलेली, की दाढीवाले पुरुष आणि मोठं कुंकू लावलेल्या, केस कापलेल्या बाया उतरल्या की आपलीच माणसं. साडूभाऊ डोक्याला फेटा बांधून, हातात गुलाबदाणी घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभे. येणाऱ्याजाणाऱ्यावर गुलाबपाणी शिंपडत होते, या या म्हणत होते, पण नजर सगळी रस्त्यावर. पहिली गाडी येऊन गेली आणि टेम्पो रिकामाच परत आला. ‘साहब, कोई दाढ़ीवाला नहीं उतरा.’ साडूभाऊ म्हणाले, ‘पुढच्या गाडीला येतील. मुंबईची माणसं, उठायला उशीर होतो.’ पुढची गाडी आली. एक दाढीवाला उतरला होता, त्याला टेम्पोवाल्याने आग्रहाने बसवूनही आणलं, पण तो केळव्याच्या कुठल्याशा दर्ग्याकडे निघालेला निघाला. त्याला साडूभाऊंनी सरबत पाजून, हात जोडून, परत पोचवायला लावलं.

मुहूर्त काही कोणासाठी थांबत नाही. भटजींनी हाक मारली तेव्हा साडूभाऊ आत आले, कन्यादान केलं, डोळे पुसले आणि पुन्हा मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. लोकांना वाटलं, लेक जाणार म्हणून बापाला आत बसवत नाही. मला ठाऊक होतं. उन्हाने रस्ता तापला होता. फेट्याखालून घाम गळत होता आणि तरी ते गुलाबदाणी खाली ठेवायला तयार नव्हते. गावाच्या पंगती उठल्या. ती एक पंगत मात्र पानं मांडून तशीच रिकामी. वाढपी एकमेकांकडे बघत होते, ताई आतून बाहेर येत नव्हत्या. शेवटी मी जाऊन म्हटलं, ‘भाऊ, आता…’ ते म्हणाले, ‘अजून एक गाडी हाय, मास्तर.’ ती गाडीही आली. टेम्पो दारात उभा राहिला, आणि टेम्पोवाला गाडीतल्या गाद्या गुंडाळायला लागला.

मला वाटलं, आता तात्या काहीतरी बोलणार. जन्मभर वाट पाहिली होती म्हाताऱ्याने या दिवसाची. तात्या उठले, त्यांनी मांडवाभोवती नजर फिरवली, आणि जेवून सुपारी चघळत बसलेल्या पाचसहा बाप्यांना दटावलं, ‘चला रे, बसा! पानं अशी रिकामी ठेवू नये लग्नघरात.’ एकजण म्हणाला, ‘तात्या, आमी जेवलो की.’ ‘मग पुन्ना जेव!’ म्हणत तात्या स्वतः मुंबईच्या पंगतीत मधोमध जाऊन बसले. साडूभाऊंनी गुलाबदाणी माझ्याकडे दिली, कमरेला पंचा खोवला आणि जिलब्यांचं ताट घेऊन वाढायला आले. एकेकाला अशा आग्रहाने वाढत होते, की जणू तेच मुंबईहून आले आहेत. तात्यांनी ती बेचव आमटी तोंड वाकडं न करता दोनदा मागून घेतली.

लग्नानंतर काही आठवड्यांनी फोर्टातल्या गॅलरीचं कार्ड आलं. साडूभाऊंनी लग्नाचे बुंदीचे लाडू डब्यात भरले. मीही निघालो, पण माझा हेतू चांगला नव्हता. त्या बाईंना दोन शब्द सुनवायचेच, असं ठरवून मी शटलमध्ये सबंध भाषण जुळवलं होतं. आत शिरलो तर बाईंच्या टेबलामागच्या भिंतीवर, काचेच्या सुरेख चौकटीत, वंदूची लग्नपत्रिका! वरून दिवा सोडलेला, भोवती पांढरा जाड कागद, पोपट नुसते झगमगत होते. बाई हसत पुढे आल्या. ‘पाहिलंत? येणारा प्रत्येक माणूस हिच्याबद्दल विचारतो. काय रंग आहेत! इतकं अस्सल आम्हांला इथे बघायलाच मिळत नाही.’ माझं भाषण मी विसरूनच गेलो. साडूभाऊ म्हणाले, ‘तुमी आला नाहीत.’ बोलण्यात राग नव्हता. शुद्ध बोलायचं तेवढं विसरले होते. बाई क्षणभर गोंधळल्या. ‘अय्या, म्हणजे खरंच यायचं होतं? अहो, आम्ही तरी किती कार्डं पाठवतो! सगळ्यांनी यायचं असतं असं थोडंच आहे? ते आपलं… पाठवायचं असतं.’ आणि मग त्यांना स्वतःलाच काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांनी जीभ चावली आणि ‘सॉरी हं,’ असं हळूच म्हणाल्या.

साडूभाऊंनी लाडवांचा डबा टेबलावर ठेवला आणि त्या चौकटीपुढे जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत एखाद्या चित्रासमोर त्यांना इतका वेळ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. गणपतीपासून चुलतभावंडांच्या नावांपर्यंत त्यांनी सगळं वाचलं. वंदूच्या नावापाशी काचेवर बोट ठेवलं. पोर सासरी जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आणि उमरोळी काही विलायतेत नाही, पण बापाचं मन, त्याला अंतर कळतं थोडंच? मला त्या बाईंचा, त्या दिव्याचा, त्या सुंदर चौकटीचा असा संताप आला, की वाटलं ती पत्रिका भिंतीवरून काढून घेऊन जावी. अहो, चित्रं न बघता हा माणूस तुमच्या कार्याला येत राहिला, आणि तुम्ही कार्याला न येता याची पत्रिका बघत बसलात! पण साडूभाऊच म्हणाले, ‘चला, मास्तर.’

परतताना ते खिडकीबाहेर बघत होते. विरार गेलं, वैतरणेचा पूल गेला, तेव्हा म्हणाले, ‘म्हणजे एवढी वर्षं आपल्याला कोणी बोलावलंच नव्हतं म्हणायचं.’ हेच मी त्यांना पहिल्या दिवसापासून बजावत आलो होतो. पण त्या वेळी ‘हो’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, ‘डास फार झालेत या डब्यात.’

त्यानंतर कार्डं आली ती तशीच पडून राहिली. एक आलं, दुसरं आलं. साडूभाऊ ती हातात घ्यायचे आणि न वाचता कोनाड्यात सारायचे. संध्याकाळी ओटीवर नुसते बसून राहायचे. कुंपणापलीकडून तात्याही काही बोलत नसत. सफारी ट्रंकेत गेला. झालं, खूळ संपलं, असं मी बायकोला सांगितलं, आणि सांगताना मला बरं वाटलं नाही. पुढे गणपती होऊन गेल्यावर एका शनिवारी मी सहज माकुणसारला गेलो, तर ताई दारातच वैतागून उभ्या. ‘बघा, बघा! पुन्ना निघालेत!’ आत साडूभाऊ सफारीची बटणं लावत होते. पाटावर केळ्यांची फणी, पानांची गुंडाळी. मी थक्क झालो. ‘अहो भाऊ, त्या बाईंनी तोंडावर सांगितलं ना? त्यांना कोणी यायला नको असतं.’

साडूभाऊंनी केळी पिशवीत नीट आडवी ठेवली. ‘बाईंनी नसंल बोलावलं, मास्तर,’ ते म्हणाले, ‘पण ज्याचं कार्य हाय, तो तर उबा असंल ना दारात? रस्त्याकडे बघत? फार वाईट असतं हो ते उबं राहणं.’

ताई आत गेल्या आणि वाफ्यातल्या उरल्यासुरल्या मोगऱ्याची पुडी बांधून घेऊन आल्या. मी घड्याळ पाहिलं, शटलला वेळ होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघालो. त्या संध्याकाळी प्रदर्शन कोणाचं होतं, चित्रं कसली होती, ते विचाराल तर मला आता काही सांगता येणार नाही. एक किडकिडीत मुलगा होता, इस्त्रीचा झब्बा घातलेला. तो गॅलरीच्या दारात एकटाच उभा होता, आणि आम्हांला येताना पाहून दोन पायऱ्या उतरून खाली आला.